शेजारची बिजली आणि आमचे ससे

ज्यांच्या घरी कुत्रं असतं, त्यांच्याकडं कुत्र्याचे किस्से असतात. आमच्याकडं ससे आहेत, तरी साठलेत ते सगळे कुत्र्यांचेच किस्से! आष्ट्यात आमच्या घरी कुणी आलं, चहा झाला, की म्हणतात, "बाई, तो फरशीचा सांगा की." आणि मग एकातनं दुसरा निघत जातो.

बाई म्हणजे मी. इस्लामपूरला शाळेत शिकवते. मिस्टर फौजेत आहेत, त्यामुळं घरी मी आणि माझे सासरे, आप्पा. शेजारी रिटायर्ड सुभेदार. त्यांचं नाव गल्लीत कुणी घेत नाही, सगळ्यांचे ते सुभेदारच. आणि त्यांची कुत्री बिजली.

*

साताऱ्याच्या बहिणीनं तीन ससे दिले. पांढरी कापशी, काळी मिरी आणि तपकिरी राजा. परसात जाळीचा पिंजरा केला. त्याच दुपारी बिजलीनं कंपाउंडच्या भिंतीवर पुढचे पाय टेकले.

बिजली जतकडची कारवानी, शिकारी जातीची. नुसते पाय आणि छाती! तिच्या आईबापांनी माळावर ससेच पळवलेले. ती भुंकली नाही, गुरगुरली नाही. टक लावून बघत राहिली. संध्याकाळी भाकरी दाखवली तरी हलेना.

सुभेदार म्हणाले, "काय करत न्हाई ती, बाई. नुसती बगतीय."

आप्पा म्हणाले, "आवं सुभेदार, लगीन ठरायच्या आदी मी बी नुसता बगतच हुतो!"

*

आठवड्याभरात एका सकाळी पिंजऱ्याशेजारी ताज्या मातीचा ढीग दिसला. जाळीच्या खालनं हात कोपरापर्यंत आत जाईल एवढं भोक. तिघं ससे पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेले. हे काम बिजलीचं नव्हतं, गल्लीतल्या तांबड्या कुत्र्याचं. अजून वीतभर उकरलं असतं, तर संपलंच होतं.

आप्पांनी गवंडी बोलावला. पिंजऱ्याभोवती दोन फूट चर खणून त्यात शहाबादी फरशा उभ्या पुरायला लावल्या.

गवंडी घाम पुसत म्हणाला, "आप्पा, सशाला एवढा पाया? वर मजला चढवायचा हाय का काय?"

"मजला न्हाई रं गड्या, खालनं दरोडा पडतोय!"

*

पुढचा हसत सांगता येत नाही.

एका दुपारी बिजलीच्या गळ्यातला पट्टा निसटला आणि ती भिंतीवरनं थेट आमच्या परसात! पिंजरा बंद होता. पण ती गोल गोल धावत होती, भुंकत होती, जाळीवर अंग आपटत होती. मी खराटा घेऊन मागं धावले, पण कारवानीच्या मागं धावून कोण पोचलंय? सुभेदार अनवाणीच आले, तिला धरलं. जाळी शाबूत होती.

मग बघितलं, कापशी कोपऱ्यात आडवी पडलेली. अंगावर एक ओरखडा नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, "ससा भीतीनंच जातो, बाई. चावायलाच पाहिजे असं नाही."

सुभेदार परत परत म्हणत होते, "पर तोंड लागलं न्हाई हो! बगा, जाळी जशीच्या तशी हाय."

आप्पांनी कापशीला बाहेर काढलं आणि सुभेदारांच्या दोन्ही हातांवर ठेवलं. ती अजून गरम होती. सुभेदार म्हणाले, "कुठं पुरायची?"

*

दुसऱ्या दिवशी सुभेदार जाड वेल्डमेश जाळीची गुंडाळी घेऊन आले. भिंतीची उंची जाळीनं वाढवली, पिंजऱ्यात लपायला लाकडी खोकं ठेवलं, एकामागं एक असे दोन दरवाजे बसवले. एक लावल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही! रोज सहाला येऊन सगळ्या कड्या हलवून बघायचे. एकदा माझ्याकडनं बाहेरची कडी राहिली. झालं!

"बाई, बॉर्डर उगडी टाकून च्या पिताय?"

आणि त्याच दरवाजाची गंमत. मिरी नुकतीच व्याली होती. आतल्या दरवाजाचा स्क्रू ढिला झाला म्हणून सुभेदार वाकून बसले होते. दोन्ही दरवाजे उघडे. घरी बांधलेली बिजली दोरी तोडून मालकाला शोधत आमच्या गेटमधनं आली आणि त्यांच्या पाठीवरनं सरळ आत!

माझ्या हातातलं पातेलं पडलं. राजा खोक्यात शिरला. मिरी मात्र पिल्लांपुढनं हलली नाही. मागचे पाय दणादणा आपटले आणि बिजलीच्या नाकाला कडकडून चावली! एवढी दांडगी कुत्री केकाटत कोपऱ्यात जाऊन बसली. मिरी तिच्या पुढ्यात.

सुभेदार स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून मधे उभे.

"बाई, ह्यातल्या कुणाला सोडवू?"

*

आता शेवटचा. हा आप्पा समोर असले की सांगत नाही, त्यांना आवडत नाही.

ऊसतोड चालू होती. मागचं रान मोकळं झालं आणि त्यातली भटकी कुत्री वस्तीत शिरली. सुभेदार बिजलीला घेऊन सांगलीला गेले होते. मी शाळेतनं सव्वापाचला आले तर गेट सताड उघडं. परसात चार कुत्री. आणि मधोमध मातीत बसलेले आप्पा.

रोज दुपारी ते सशांना गवतावर सोडायचे. तिथंच त्यांना गाठलं असणार. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं सशांवर पालथं घालून, त्याला दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी मिठी मारून ते बसले होते. कुत्री फिरत होती, हुंगत होती. एक डालग्याच्या कडेला पंजा घालत होतं.

मी ओरडणार, तोच आप्पांनी मान हलवली. नाही.

मी स्वयंपाकघरातनं भाकरीची टोपली आणली, तुकडे गेटबाहेर लांब फेकले. एकेक करत चारही गेली. गेट लावलं, कडी घातली.

"आप्पा, कवापास्नं बसलाय असं?"

"तीन वाजलं असतील."

"अहो, हाक तरी मारायची! गल्लीतनं कुणीबी आलं असतं की!"

"वरडलो असतो तर आतली भ्याली असती."

मी त्यांना उठवायला वाकले. धोतराची मागची बाजू रक्तानं चिकटलेली. पोटरीवर चार दात स्पष्ट उमटलेले.

"आप्पा! हे काय?"

आप्पांनी डालग्याची कड बोटभर उचलून आत बघितलं. मग हळूच म्हणाले, "तवा बी न्हाई वरडलो."