दोन चिंचोके

आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस दौंड-शिरूर भागात दुसरा झाला नसेल. माणसांच्या सचोटीवर त्यांचा पूर्ण भरवसा. अविश्वास एकाच गोष्टीवर. समोरच्यानं मान डोलावली म्हणजे त्याला कळलं, हे त्यांनी जन्मात कधी मानलं नाही. दौंडच्या एका दवाखान्यात ते रक्त तपासायच्या कामाला होते. काहीही सांगून झालं की चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "आता तुम्ही सांगा, मी काय सांगितलं?" एसटीत कंडक्टरला "चौफुल्याला उतरायचंय" म्हटल्यावर लगेच त्यालाच विचारत, "कुठं उतरायचंय मला?" एकदा तो बिचारा गाडीभर बघून म्हणाला, "काकांच्या बरुबर घरचं कुनी हाय का?" आमच्या लग्नात त्यांनी भटजींकडून मुहूर्त तीनदा वदवून घेतला. त्याआधी बोलणीत मी प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होतो, तर माझ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण नुसतं हो हो करतोय. त्याला काही समजलेलं दिसत नाही." ते खरंच होतं, म्हणून मला त्यांचा जास्त राग आला.

डॉक्टरांनी मात्र या खोडीचा उपयोग करून घेतला. थॅलेसेमियाची मुलं असलेल्या घरांना समजावून सांगायचं काम त्यांनी मामांवर सोपवलं. या आजारात मुलाच्या अंगात रक्त टिकत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं, जन्मभर. आई-बाप दोघंही धडधाकट असतात, पण दोघांच्याही रक्तात दोष लपलेला असतो, आणि तो दोघांकडूनही आला तरच मूल आजारी पडतं. हे मला इतकं घडाघडा सांगता येतं, कारण मामांनी ते माझ्याकडून कितीदा तरी म्हणवून घेतलं आहे.

दोन हजार सालच्या सुमाराला एकदा मी त्यांचा डबा घेऊन गेलो, तेव्हा खुटबावचं एक जोडपं समोर बसलं होतं. सोबत नवऱ्याची आई. पहिला मुलगा याच आजाराचा, आणि सुनेला पुन्हा तिसरा महिना. पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईला होत होती, पण त्यासाठी दिवस थोडेच उरले होते आणि नवरा जायला तयार नव्हता.

"मोठ्या डॉक्टरांनी चारात एक सांगितलंय," तो म्हणाला. "एक झाला. आता तिघं चांगलीच हुणार की."

सासूचं म्हणणं त्याहून सोपं होतं. "हिच्या माह्यारचा दोष हाय. आमच्यात न्हवतं असलं."

"सून कुणाची पोरगी?" मामांनी विचारलं.

"माझ्या सख्ख्या भावाची."

"मग तिचं माहेर आन् तुमचं माहेर एकच की, आक्का."

आक्का पदर सारखा करत खिडकीबाहेर बघू लागल्या.

मामांनी खिशातून चिंचोक्याच्या दोन फाकी काढल्या. चिंचोका मधून फोडला की एक अंग काळं राहतं, एक पांढरं. त्याची दानं टाकून खेळायला गावात सगळ्यांनाच येतं. एक फाक नवऱ्याला दिली, एक बायकोला. "काळं पडलं तर चांगलं, पांढरं पडलं तर दोष. दोन्ही पांढरी पडली तर बाळ आजारी. टाका."

दोघं टाकत राहिली. पाचव्या खेपेला दोन्ही पांढरी पडली.

"हा तुमचा थोरला," मामा म्हणाले. "आता टाका पुढचं. आता तीन दानं चांगलीच पडणार न्हवं?"

"तसं कसं? चिंचोक्याला काय म्हाईत मागं काय पडलं," नवरा म्हणाला, आणि हातातली फाक उलटसुलट करून बघू लागला.

इतका वेळ तोंड न उघडलेल्या सुनेकडे मामा वळले. "ताई, आता तुम्ही सांगा."

"दर टायमाला नवं दान," ती खाली बघत म्हणाली. "आन् दान दोघांचं असतंय, माझ्या एकटीचं न्हाई."

दुसऱ्याच दिवशी ती मुंबईला गेली. मी मामांचं कौतुक करायला लागलो, तर त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, "भांडगावच्या एका घराला मीच सांगितलं होतं, चारात एक. बरोबरच सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली, मी पुढच्या माणसाला हाक मारली. नंतर धाकटीला घेऊन आले, तिलाही तेच. 'तुमीच म्हनला हुता ना, एकच?' असं आई विचारत होती. भांडत नव्हती हो. नुसती विचारत होती." इतकी वर्षं मी या माणसावर वैतागलो याची मला मनापासून लाज वाटली.

खुटबावच्या बाळाची तपासणी चांगली निघाली. मुलगी झाली, आणि जिलेबीचा पुडा घेऊन आक्का स्वतः आल्या. मामांनी त्यांना चहा पाजला, आणि त्या गेल्यावर पुडा तसाच घेऊन ते आतल्या खोलीत गेले. तिथं भांडगावची धाकटी रक्ताची बाटली लावून पडली होती. तिच्या प्रत्येक खेपेला मामाच तिच्या शेजारी बसत. त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडून तिच्या मोकळ्या हातात दिला.

"कशाची, आबा?"

"एका बाईला मुलगी झाली."

"चांगली हाय का ती?"

"चांगली हाय."

ती जिलेबी खाऊ लागली. मामा तिचा सुईचा हात हलू नये म्हणून धरून बसले.