विषयांची स्थळं बघायला लावणाऱ्या बाई

आमच्या बाई नव्या विद्यार्थ्याला त्याचं नाव विचारत नसत. त्या विचारत, "स्थळ बघून आलास का?"

पोरगं गांगरायचं. सकाळचे सात, लॉ कॉलेजचा गारठलेला वर्ग, डोळ्यांत अजून झोप, आणि समोर काळ्या कोटातल्या एक बाई थेट लग्नाचीच चौकशी करतायत! मग मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजायचं, "लग्नाचं न्हवं रं, ऑप्शनलचं विचारत्यात."

शेवटच्या वर्षाला पर्यायी विषय निवडायचे असत, पण बाईंची चौकशी पहिल्या दिवसापासून. जमिनीचे कायदे, कामगार कायदा, विमा, करआकारणी, आंतरराष्ट्रीय कायदा अशी नावं फळ्यावर लागली, की आमची खलबतं सुरू व्हायची. कुठल्या विषयाचं गाइड बारीक, कुठला तास उशिरा, मुली कुठल्या वर्गात जास्त, हे आमचे निकष. बाईंचं गणित वेगळं होतं. "दिवाणी प्रक्रिया, पुरावा, दंडसंहिता हे सक्तीचे विषय. ते आईबापासारखे. मिळाले तसे घ्यायचे, तक्रार करायची न्हाई. न्यायाधीशाच्या परीक्षेत तेच विचारणार, तेच जन्मभर सांभाळायचेत. पण ऑप्शनल म्हणजे स्थळ. ते बघून, पारखून घ्यायचं. गाइडाच्या जाडीवर संसार हुत नसतो."

आणि 'बघून' म्हणजे खरोखरच बघून. कामगार कायदा घ्यायचा असेल, तर एक अख्खा दिवस कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात काढायचा. विमा घ्यायचा, तर अपघाताचे दावे चालतात तिथं. जमिनीचे कायदे, तर तहसील कचेरीत. आत वकील काय बोलतात ते ऐकायचं नाही, बाहेर बाकावर कोण बसलंय ते बघायचं. "उद्या तुझ्या टेबलासमोर हीच माणसं बसणार हायत," बाई म्हणत. "त्यांच्यासंगं बसून चहा प्यावासा वाटला तर होकार दे. न्हाई वाटला तर गप घरी ये, दुसरं बघू."

यावरून त्यांचं नाव पडलं 'वधूवरसूचक बाई'. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. एकदा हजेरी घेताना आमच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "नाव चांगलं ठेवलंय. फक्त फी तेवढी कुणी देत न्हाई."

बाई कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या. तिथून पहाटे लुनावरून यायच्या. कोट नीट घडी घालून मागच्या कॅरियरला बांधलेला. सकाळी आम्हाला शिकवायच्या, मग दिवसभर कोर्टात जमिनीचे दावे. वडील रेल्वेच्या रुळांवर काम करून निवृत्त झालेले. मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. दारातून आत शिरलं की समोर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातले ते चष्मेवाले बॅरिस्टर. बाई कायद्याकडे कशा वळल्या, हे मग वेगळं विचारायची गरज उरली नाही.

पण दुसरा एक प्रश्न मी विचारलाच, आणि तोही भर वर्गात. त्या काळात माझं तोंड माझ्या डोक्याची परवानगी घेत नसे. मी म्हणालो, "बाई, सगळ्यांची स्थळं बघताय, तुमचं कधी?"

बाईंनी खडू खाली ठेवला. "माझं ठरलंय की रे चौगुल्या. दोनदा बैठकीपर्यंत जाऊन मोडलं."

आम्ही हसलो. मग लक्षात आलं, की त्या एकट्याच हसत नव्हत्या. न्यायाधीशाची परीक्षा त्यांनी दोनदा दिली होती. दोन्ही वेळा लेखी पास, दोन्ही वेळा मुलाखतीतून परत. "पुढची जाहिरात निघंल तवा अजून एकदा बसता येतं," त्या म्हणाल्या. "नंतर वय बसत न्हाई. चला, कलम काढा."

त्यानंतर आमच्यातल्या कुणी लग्नाची थट्टा केली नाही. मी तर बरेच दिवस त्यांची नजर चुकवून मागच्या दाराने वर्गात जायचो, आणि त्या मला रोज पुढच्या बाकावर बोलावायच्या.

चंदगडचा गावडे माझा बाकमित्र. त्याच्या घरी काजूच्या बागेवरून चुलत्यांशी वाद चाललेला, म्हणून तो जमिनीचे कायदे घ्यायचं ठरवूनच एसटीतून उतरला होता. बाईंनी त्याला उलट फौजदारी कोर्टात बसायला पाठवलं. "घरातलं भांडण म्हणजे स्थळ न्हवं. ते मिटतंय. मग काय करशील?" गावडे दिवसभर तिथं एका आरोपीच्या बायकोशेजारी बसला, आपला डबा तिच्या पोरांना देऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, ठरलं." आज त्याच्याकडे फौजदारीची जी गर्दी असते, ती बघून मी रस्ता बदलतो.

आता माझं स्थळ. मला आंतरराष्ट्रीय कायदा हवा होता. कागलला पंचतारांकित एमआयडीसी होणार अशी तेव्हा हवा होती. मी हिशेब मांडला, की पंचतारांकित म्हटल्यावर परदेशी कंपन्या येणार, परदेशी कंपन्या आल्या की करार होणार, करार झाले की भांडणं होणार, आणि साऱ्या कोल्हापुरात आंतरराष्ट्रीय कायदा जाणणारा एकच वकील असणार. तो मी. टाय कुठल्या रंगाचा घ्यायचा, इथपर्यंत माझा विचार पोचला होता.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान. मग कागलला जाऊन बघून ये की."

मी वडिलांची, म्हणजे दादांची, एम-एटी दुचाकी घेऊन गेलो. पांढरा शर्ट, काळी पँट, कडक इस्त्री. पोचलो तर समोर नुसता माळ. आखणीचे दगड, मुरमाचा रस्ता, आणि सावलीला बसलेला एक राखणदार. मी बराच वेळ क्षितिजाकडे बघत उभा राहिलो, तसा तो उठून आला.

"पावणं, म्हस हरवलीया व्हय?"

"नाही, मी कंपन्या बघायला आलोय."

"मग लवकर आलासा," तो म्हणाला, आणि पुन्हा सावलीला जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "काय दिसलं?"

"माळ."

"कुणाचा?"

"एमआयडीसीचा."

"त्याच्या आधी कुणाचा?" बाईंनी लगेच विचारलं. "परदेशी माणसं येतील तवा येतील, चौगुले. त्या माळावर आधी कुणाची तरी जनावरं चरत हुती. ती माणसं भरपाईचे कागद घेऊन वकील शोधत असतील. त्यांना तू दिसलास का?"

हे सगळं मला पटलं. पटूनही मी आंतरराष्ट्रीय कायदाच घेतला. कारण जमिनीच्या कायद्यांचा तास सकाळी सातचा होता आणि आंतरराष्ट्रीयचा नऊचा. बाईंनी अर्जावर माझा विषय वाचला, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "नांदा सौख्यभरे."

आता वकिलीला टिकायचं तर सनदेनंतर वेगळी परीक्षा द्यावी लागते. आमच्या वेळी सनद मिळाली, कोट शिवला, की झालात वकील. मी झालो. पहिल्या वर्षात माझ्याकडे आलेलं सर्वांत आंतरराष्ट्रीय प्रकरण म्हणजे सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या निपाणीचा एक जावई, जो बायकोला नांदवायला तयार नव्हता. दादा गोठ्यातून ओरडून विचारायचे, "आलं का रं कोण परदेशातनं?" आणि धार काढता काढता स्वतःच हसायचे.

न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यापुरती वकिलीची वर्षं झाल्यावर मीही अर्ज भरला. केंद्रावर गेलो, तर माझ्या पुढच्या बाकावर बाई. शाळकरी पोराच्या मापाचा तो बाक, त्यात अंग चोरून बसलेल्या. भोवती सगळे त्यांनीच शिकवलेले. कुणी वाकून नमस्कार करायला येत होतं, कुणी लाजून खिडकीबाहेर बघत होतं. मी "बाई" म्हणून हाक मारली, तर मागे न वळता म्हणाल्या, "आज मी बाई न्हाई. आज नंबर हाय. आणि तू माझ्या वहीत बघायचं न्हाईस."

मधल्या सुट्टीत आम्ही बाहेर गाड्यावर चहा घेतला. वर्गात कधी आवाज न चढवणाऱ्या बाई त्या दिवशी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलल्या. "ही शेवटची, चौगुले. ह्यात न्हाई झालं, तर मग न्हाईच." मी काहीतरी धीर देणारं बोलायला हवं होतं. मी विचारलं, "बाई, भजी सांगू?"

माझ्या पेपरची कथा सांगण्यासारखी आहे. एका प्रश्नात वस्तुस्थिती दिलेली आणि निकालपत्र लिहायचं होतं. न्यायाधीश झाल्याच्या नुसत्या कल्पनेनेच मला इतका चेव आला, की साध्या दिवाणी दाव्यातल्या प्रतिवादीला मी सक्तमजुरी ठोठावली. बाहेर आल्यावर हे बाईंना सांगितलं. त्या कट्ट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्या दिवशी माझा त्यांना झालेला उपयोग तेवढाच.

लेखी परीक्षेत त्या पुन्हा पास झाल्या आणि पुन्हा मुंबईला मुलाखतीला गेल्या. परतल्यावर चेहरा उतरलेला. कोर्टाच्या आवारात मी विचारलं, तर म्हणाल्या, "गेलं बहुतेक. त्यांनी विचारलं, इतकी वर्षं जमिनीचेच दावे का चालवता? आणि मी बोलून बसले."

"काय?"

"म्हटलं, आमच्याकडं कधी नव्हती, म्हणून."

समोरचे साहेब गप्प झाले म्हणे. ती शांतता बाईंनी नकाराची धरली. निकाल येईपर्यंतचे दिवस त्या रोज येत होत्या, शिकवत होत्या, नव्या पोरांना कचेऱ्यांत पाठवत होत्या. फक्त लुना चालू करायला त्यांना आता दोनदोनदा पायडल मारावं लागायचं, आणि आम्ही धावलो तर आवडायचं नाही.

त्यांची निवड झाली. बातमी कळली तेव्हा त्या एका म्हाताऱ्या अशिलाला पुढची तारीख समजावून सांगत होत्या. गावडेने धावत येऊन सांगितलं. बाईंनी हाताने त्याला 'थांब' म्हटलं, म्हाताऱ्याला तारीख नीट पाठ करून घेतली, त्याला एसटी स्टँडचा रस्ता दाखवला, आणि मग बाररूमच्या खुर्चीवर बसून पदराने तोंड झाकून घेतलं.

दादांना मी घरी जाऊन सांगितलं, तर म्हातारा खूश. "जज्ज झाल्या? मग आता आपल्या शेताकडच्या पाणंदीच्या दाव्याचं काम फत्ते की!"

हे मी बाईंना थट्टेत सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या कॉलेजात निरोप घ्यायला आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "तेच सांगायला आलेय. उद्यापासून मला फोन करायचा न्हाई. गावाकडं आले तरी भेटायला यायचं न्हाई. चहा न्हाई, काही न्हाई. राग मानायचा असेल तर मान."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण ती पद्धत नव्हती. दिवाळीला केलेला माझा फोन त्यांनी "बरा हाईस ना? ठेवते," म्हणून ठेवला. पुढे मीही केला नाही.

काही वर्षांनी मला मराठवाड्यातल्या एका तालुक्याला जावं लागलं. आमच्याकडचा पांडबा दूधवाला, त्याच्या बायकोचं माहेर तिकडं. तिने भाऊबीजेला भावाच्या शब्दाखातर जमिनीवरचं हक्कसोडपत्र सही करून दिलं होतं. आता भाऊ जमीन विकायला निघालेला, आणि आम्हाला त्या विक्रीला तात्पुरती मनाई हवी होती. कोर्टात शिरलो, आणि समोर उंच खुर्चीत बाई. केस पिकलेले, चष्मा आलेला. पांडबाच्या कानात मी म्हणालो, "अरे, ह्या तर आमच्या बाई!" पांडबाचा चेहरा असा उजळला, की जमीन मिळालीच.

आमचा पुकारा झाला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि समोरच्या वयस्कर वकिलांना म्हणाल्या, "एक गोष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. अर्जदाराचे वकील माझे विद्यार्थी होते. हे प्रकरण मी चालवायला आपली काही हरकत?"

म्हाताऱ्या वकिलांनी आमचा अर्ज उचलला, सावकाश चाळला आणि म्हणाले, "हरकत नाही मॅडम. अर्जावरून तसं काही जाणवत नाही."

कोर्ट हसलं. बाईंनी ओठ घट्ट मिटले, पण चष्म्यामागे काय चाललं होतं ते मला दिसलं.

मग मी सुटलो. बहिणीची माया, सणाचा दिवस, ओवाळणीच्या ताटाशेजारी ठेवलेला कागद, भावाने घातलेली गळ. पांडबाने डोळे पुसले. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही गळ घालून सही घेतली, हे दाव्यात कुठं लिहिलंय?"

मी पानं उलटली. लिहिलेलं नव्हतं. तो जमिनीच्या कायद्यातला बारकावाही नव्हता. साधी दिवाणी प्रक्रिया, सक्तीचा विषय.

"जे दाव्यात मांडलेलं नाही, ते मला ऐकता येत नाही, वकीलसाहेब," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला गाढव म्हटलं होतं, चौगुल्या म्हटलं होतं. वकीलसाहेब पहिल्यांदाच म्हणाल्या. अर्ज नामंजूर झाला. त्या पुढच्या प्रकरणाकडे वळल्या आणि माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

बाहेर लिंबाखाली पांडबा माझी वाटच बघत होता. "व्हय वो वकील, बाई तुमच्या मास्तरीण म्हणतासा, मग आपलं काम कसं न्हाई झालं?"

"आपलं न्हाई झालं, पांडबा," मी म्हणालो. "त्यांचं झालं."

पांडबाला ते कळलं नाही. दाव्यात दुरुस्ती करायला लगेच अर्ज द्यावा लागणार होता, म्हणून मी तिथंच पायरीवर बसून कागद काढला. आत बाईंचा आवाज चालू होता. कुणालातरी पुढची तारीख सावकाश, दोनदा समजावून सांगत होत्या.