नाल्याचा रंग

“कुठून उतरवलंस हे? इंटरनेटवरून ना?”

हे विचारणारे काका थोड्याच वेळापूर्वी माझ्या चित्राला ‘अप्रतिम’ म्हणाले होते.

देवास. मराठी मंडळाचा हॉल. गणपतीचे दिवस, चित्रांची स्पर्धा. काका परीक्षक. संस्थानच्या काळापासूनचं घराणं, रिटायर्ड प्रोफेसर, भाषा अगदी धुतलेली. माझं चित्र अंतराळाचं होतं. कडी असलेला एक ग्रह आणि त्याच्यामागे धुळीचा अवाढव्य ढग. तपकिरी, मधेच जांभळट, कडेला हिरवी झाक.

मी फोटो स्टुडिओत कामाला होते. लग्नाच्या अल्बममधल्या नवऱ्या-नवरींचे चेहरे गोरे करायचे, हे माझं काम. त्यासाठी मालकानं ग्राफिक्स टॅब्लेट आणला होता. एक काळी पाटी आणि तिच्यावर चालणारं पेन. हात पाटीवर, डोळे पडद्यावर. सुरुवातीला रेघ भलतीकडेच पळायची. मग जमलं. पेन दाबलं की ढग दाट, हलकं धरलं की विरळ. दुपारी मालक जेवायला घरी गेला की मी चेहरे बंद करायचे आणि आकाश उघडायचे. त्यातलंच एक छापून स्पर्धेत दिलं होतं.

काकांनी विचारलं होतं, “हा रंग तुला सुचला कुठून, बाळ?”

मला आनंद आवरेना. माझं चित्र असं थांबून कुणी पाहिलंच नव्हतं. मी खरं ते सांगून टाकलं. “आमच्या वस्तीमागे चामडं कमावतात ना काका, तिथल्या नाल्यावर फेस येतो. उन्हात तो असाच दिसतो. माझे बाबा तिथंच कामाला आहेत.”

काकांचा चेहरा बंद झाला. दुकानाचं शटर पडावं तसा.

“अच्छा. म्हणजे तुम्ही त्या बाजूचे.”

आणि लगेच तो इंटरनेटचा प्रश्न.

मी म्हटलं, मीच काढलंय. काका हसले. “मग काढून दाखव की आमच्यासमोर. दूध का दूध, पानी का पानी.”

मंडळातल्या डॉक्टरांच्या मुलानं धावत जाऊन घरून आपला टॅब्लेट आणला. त्याचंही चित्र स्पर्धेत होतं, कॉम्प्युटरवरच काढलेलं. मंडळी खुर्च्या ओढून गोल करून बसली. माकडाचा खेळ बघायला बसतात तशी.

पेन हातात घेतलं आणि धारची शाळा आठवली. तेव्हा बाबा शिफ्टच्या बसनं पीथमपूरच्या कारखान्यात जायचे, आम्ही धारला राहायचो. मी घरून चंद्राचं चित्र काढून नेलं होतं. वर्गावरचे मास्तर, मास्साब, म्हणाले, “किसने बना के दिया?” मला फळ्यासमोर उभं केलं. मी काढलं, हुबेहूब. मास्साब म्हणाले, “रट के आई है.” मी खडू पुढे केला, तो त्यांनी हातातून घेतला नाही. “वहीं रख दे, नीचे.” सगळा वर्ग हसला.

त्या वयात कळलं नव्हतं. या खुर्च्यांच्या मधोमध बसून कळलं. काढून दाखवलं तरी यांचं समाधान होणार नव्हतं. पुरावा मागायचा हक्क यांचा, तो नाकारायचाही हक्क यांचाच.

मी पेन खाली ठेवलं.

“नाही काढणार.”

“म्हणजे चोरी कबूल?”

“याला सांगितलंत का काढून दाखवायला?” मी डॉक्टरांच्या मुलाकडे बोट केलं.

काका शांतपणे म्हणाले, “तो आपल्यातला आहे. त्याला काय विचारायचं?”

माझ्या बरोबरीच्या मुली रांगोळीकडे बघत राहिल्या. मी भिंतीवरचं चित्र उतरवलं, गुंडाळलं आणि बाहेर पडले. संताप होता, रडूही येत होतं.

पुढे काही चांगलं घडलं नाही. मंडळाचं सगळं काम आमच्याच स्टुडिओत यायचं. मालक म्हणाला, “बना के दिखा देती तो तेरा क्या जाता? कल से मत आना.” घरी बाबाही तेच म्हणाले. “दाखवायचं होतं बाई काढून. मोठे लोक हायेत ते. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” बाबांचे हात कातडी भिजवायच्या चुन्यानं खाल्लेले. त्यांच्यावर मला रागावताही येईना.

टॅब्लेट गेला. दुसऱ्या दुकानात टायपिंगचं काम मिळालं. तिथं माउस आहे. माउसला दाब कळत नाही. त्यानं काढलेला ढग शेवाळासारखा चिकटून बसतो. चित्र बिघडत चाललंय, हे मला दिसतं. हात विसरतोय, तेही कळतं. वस्तीतल्या एकाही पोरीला हे शिकावंसं वाटत नाही, आणि शीक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मंडळाची स्पर्धा दरवर्षी होते. परीक्षक काकाच असतात.

तरी मी काढते. कुणी चित्र बघायला मागितलं, तर आधी सांगते मी कुठली, बाबा काय काम करतात, आम्ही कोण. चित्र त्यानंतर उघडते. बरेच जण तेवढं ऐकूनच उठतात. खुशाल उठोत. हात माझा आहे. त्याची परीक्षा मी पुन्हा कुणाला देणार नाही.