बॅचलर हटवण्याचा अर्ज

इब्राहिमभाई गेले.
दोह्यात त्यांना खोलीबाहेर काढणारा अर्ज माझ्या अक्षरात होता.

सकाळी श्रीवर्धनहून त्यांच्या मुलीचा, शबानाचा मेसेज आला. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि फोन उपडा ठेवला. तेवढीच माझी हिंमत.

अठ्ठ्याहत्तर साली लग्न होऊन मी साताऱ्याहून दोह्यात आले. जुन्या बाजारामागची गल्ली. मूळचे कतरी मालक नव्या व्हिलांत राहायला गेलेले, आणि त्यांच्या जुन्या घरांत एकेका खोलीत सहा-सहा जण. सुतार, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक.
बाई मी एकटीच.

या सगळ्यांना तिथं 'बॅचलर' म्हणत. इब्राहिमभाईंना तीन मुली होत्या, तरी बॅचलर! बायको गावी असली की झालात तुम्ही बॅचलर.

पाणी टँकरने यायचं. मला दिवस गेले तेव्हा दिवसभर सुतारकाम करून आलेला हा माणूस माझे पाण्याचे कॅन जिना चढून आणायचा. दार वाजवायचा, मान खाली.
"वहिनी, पानी ठेवलाय. जड उचलू नका."

पुढं गल्लीत फॅमिलीज येत गेल्या. खिडक्यांना पडदे लागले. आणि शुक्रवारी लुंगीवर पायरीवर बसणारी ती माणसं आम्हाला अचानक खुपायला लागली. मलासुद्धा.

शेजारणीकडे चहावर ठरलं, मालकाला अर्ज द्यायचा.
"तुझं इंग्लिश छान आहे, तूच लिही."
मी लिहिलं, बॅचलर्सचा फॅमिलीजना त्रास होतो, महिनाअखेर त्यांच्याकडून खोल्या खाली करून घ्याव्यात. वळणदार अक्षरात. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मला ते आवडलं, हेही सांगून टाकते.

आठवड्याने इब्राहिमभाई दारात. हातात त्याच अर्जाची झेरॉक्स.

"वहिनी, मालकाचा मानूस यो कागद देऊन गेला. काय लिवलाय?"
"महिनाअखेर खोली खाली करायची आहे."
"कुनी लिवलाय?"
"गल्लीवाल्यांनी," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत नव्हते, कागदाकडे बघत होते. इंग्लिश त्यांना वाचता येत नव्हतं. पण गावी जाणाऱ्या त्यांच्या प्रत्येक पाकिटावर इंग्लिशमध्ये पत्ता मीच घालून द्यायचे. माझं अक्षर त्यांनी शंभरदा पाहिलं होतं.

कागदाची घडी घातली. "बराबर हाय वहिनी. पोराबालांची घरं हायेत."

त्यांच्या खोलीतले सहाही जण शहराबाहेर कंपनीच्या कॅम्पात गेले. मी भेटायला गेले नाही. दोन वर्षांत आम्हालाच ती गल्ली कमी वाटायला लागली, मोठा फ्लॅट घेतला. बाकीच्या फॅमिलीजही पांगल्या. नंतर गल्लीच पाडली.
ज्या गल्लीसाठी त्यांना हाकललं, तिथं आम्हीही टिकलो नाही.

शबानाच्या मेसेजमध्ये शेवटी एक ओळ होती.
"अब्बा सांगून गेले, दोह्याच्या वहिनींना माझा सलाम सांग."

वाचून रडू आलं नाही. लाज वाटली. नुसती लाज.

शबाना, तू इथं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. फोनवर माझ्याने बोलवलं नसतं. हे सांगितल्याशिवाय तो सलाम मला घेता येत नाही. सगळं कळल्यावर तुला तो परत घ्यावासा वाटला, तर घे.

आणि इब्राहिमभाई, तुम्ही विचारलं होतंत.
मी लिहिला होता. मीच.
माफ करा. शांत झोपा.