परत गेलेल्या निबंधासाठी एक ओळ

सई आणि ईशान,

"स्वल्प थांबू या, अक्का." चष्मा कपाळावर सरकवून, माझ्या खुर्चीमागे उभं राहून असं म्हणणाऱ्या एका माणसाबद्दल लिहिते आहे. आत्ताच का, तर सईच्या परवाच्या फोनमुळे. तिच्या विद्यापीठात शोधनिबंध मागवणारं एक पत्रक ईमेलने आलं. बंगलोरची वेब तंत्रज्ञानावरची परिषद, विषयांची यादी, शेवटची तारीख, आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'पूर्वी केवळ नियमामुळे परत गेलेले निबंध पुन्हा पाठवावेत. ते वाचले जातील.' सईने विचारलं, आजी, ही तुझ्याच संस्थेची परिषद ना? अशी ओळ मी कुठल्याच पत्रकात पाहिलेली नाही. चुकून राहिली का?

चुकून नाही राहिली. म्हणून हे लिहायला बसले.

लग्न होऊन मी पुण्याहून इथे बंगलोरला आले आणि पुढे त्या संस्थेत निबंधांचं इंग्रजी तपासायचं काम धरलं. तो माणूस म्हणजे आमचे सर, त्या परिषदेचे अध्यक्ष. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलंच, त्यामुळे मराठी कानडीत भिजलेली. थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी, आणि मी वयाने लहान असूनही अक्का. पहिल्यांदा मला हसू आलं, तेव्हा म्हणाले, "तुमच्या पुण्यात हसतात. आमच्याकडे याला मान देणं म्हणतात."

पत्रकाचा मजकूर ते खोलीत फेऱ्या मारत सांगत आणि मी टाइप करत असे. शेवटची तारीख ठळक अक्षरांत. ती पुढे ढकला म्हणून दर वेळी फोन येत. कुणाची वीज गेलेली, कुणाचं नेट. एका प्राध्यापकांच्या आजी तर लागोपाठ दोन परिषदांच्या तोंडावर वारल्या. सर मला म्हणाले, त्यांना कळवा, आता तिसऱ्या आजींना जपा. तारीख काही हलली नाही.

तसाच त्यांचा आणखी एक नियम होता. निबंध तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळता कामा नये. नाव, गुरूचं नाव, ओळख पटेल अशी कुठलीही खूण निबंधात सापडली, तर तो न वाचता परत. मोठी नावं पाहून माना डोलावणारे परीक्षक त्यांनी पाहिले होते. अध्यक्ष असून ते स्वतःही नावं बघत नसत. त्यांच्या पडद्यावर फक्त निबंधांचे क्रमांक यायचे, नावं माझ्या एकटीच्या.

त्यांच्याकडे नागपूरची एक मुलगी संशोधन करत होती. वेबवरची पानं कशी नाहीशी होतात, हा तिचा विषय. पत्ता तोच राहतो, तिथे गेलं की काही नसतं. अशी हजारो पानं ती शोधत बसायची, आणि दुपारी सर तिच्या टेबलाशी थांबून विचारायचे, "जेवलीस का?" बहुतेक वेळा जेवलेली नसायची.

तिने आयुष्यातला पहिला निबंध परिषदेला पाठवला. शेवटी दोन ओळींचे आभार होते: रोज जेवलीस का विचारणाऱ्या माझ्या सरांचे. पुढे त्यांचं पूर्ण नाव. आभार अशा वेळी लिहायचे नसतात, निबंध स्वीकारल्यावर जोडायचे असतात, हे तिला माहीत होतं. आनंदाच्या भरात राहून गेलं असेल, किंवा काढवलं नसेल.

समितीच्या बैठकीत ते सापडलं तेव्हा सगळे सरांकडे बघू लागले. एकाने सुचवलं, तेवढ्या ओळी आपणच पुसू. सर म्हणाले, "नियम माझा. माझ्याच विद्यार्थिनीसाठी वाकवला, तर उद्या कुणाला काय सांगू?" निबंध न वाचता परत गेला.

ती भांडली नाही. काही दिवसांनी संशोधन सोडायचा अर्ज देऊन आली आणि सरांची पुस्तकं त्यांच्या टेबलावर ठेवली.  सरांनी विचारलं, जेवलीस का. ती "हो सर" म्हणाली आणि गेली. बंगलोरच्याच महादेवपुऱ्यात एका कंपनीत लागल्याचं मागाहून कळलं.

पुढच्या वर्षी पत्रक संपलं असं समजून मी की-बोर्डवरून हात उचलले, तेव्हा फेऱ्या थांबवून सरांनी ती ओळ सांगितली. समितीत कुणीतरी विचारलं, ही कुणासाठी? "असू दे," एवढंच म्हणाले.

आणि त्याच वर्षीपासून तारीख हलू लागली. शेवटच्या संध्याकाळी ते माझ्या खोलीत येत. पडद्यावर नावं असत म्हणून माझ्या खुर्चीमागे उभे राहून खिडकीबाहेर बघत. विचारत काहीच नसत. मी यादी खालपर्यंत नेई आणि नुसती नाही अशी मान हलवी. मग चष्मा कपाळावर जाई. "स्वल्प थांबू या, अक्का." लोक म्हणू लागले, वयामुळे सर मऊ झाले.

एकदा जयनगरच्या बाजारात ती मला भेटली. गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात मोगऱ्याचा पुडा. सर कसे आहेत, हे तिनेच आधी विचारलं. मी म्हटलं, ती ओळ तुझ्यासाठी आहे गं.

"माहितीये मॅडम. दर वर्षी वाचते."

"मग पाठव ना."

ती पुड्याचा दोरा सोडत-बांधत राहिली. "आभार काढून पाठवावा लागेल. ते काढायचे, तर पाठवायचा कशाला?"

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अजून आहेत आभार?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. त्या वर्षीही तारीख पुढे गेली.

त्यानंतरच्या परिषदेआधी सर गेले. शेवटच्या संध्याकाळी मी सवयीने यादी खालपर्यंत नेली आणि मान हलवली. मागे कुणी नव्हतं. तरी मान वळवायला मला धीर झाला नाही.

निवृत्त झाले तरी पत्रक तपासायला माझ्याकडेच येतं. इथली पद्धत अशी की गेल्या वर्षीचा मजकूर घ्यायचा, तारखा बदलायच्या आणि पुढे पाठवायचा. मी घरच्या टेबलाशी ती फाइल उघडते आणि खुर्चीच्या मागची जागा भरल्यासारखी वाटते. यंदाच्या अध्यक्षांनी त्या ओळीवर खूण करून विचारलं होतं, ही नको ना आता? मी खूण काढली आणि लिहिलं, राहू द्या.

ती जयनगरला पुन्हा भेटली नाही. तिचा निबंध आला नाही. परिषदेची जुनी पानं मी मधूनमधून उघडून पाहते. सरांच्या वेळची बरीचशी उघडत नाहीत, पत्ता आहे आणि पुढे काही नाही. ती ओळ मात्र दर वर्षीच्या पत्रकात आहे.