हात नसलेल्या खुर्च्या

डॉ. कुमुदताईंच्या जालन्यातल्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले, त्या सकाळी बाहेरच्या खुर्च्या पाहून मला वाटलं, यांना धड खुर्च्याही घेता आलेल्या दिसत नाहीत. एकाही खुर्चीला हात नव्हते. ते ताईंनी सुताराकडून कापून घेतले होते. "हातावर जोर देऊन उठायची सवय लागली, की मांड्या आपलं काम विसरतात," त्या म्हणाल्या. ज्यांचा तोल जातो त्यांच्यासाठी भिंतीला दांडा होता. ताईंचे उपचार असे बाहेर वाट पाहतानाच सुरू व्हायचे.

ताईंच्या पंचाहत्तरीचा गौरव अंक आहे, गोड लिहा, असं गौरव समितीनं कळवलं आहे. पण ज्या गोष्टीवर ताई जन्मभर संतापत आल्या, ती गाळून त्यांचा गौरव कसा करायचा? ती गोष्ट म्हणजे आपल्याकडचा एक प्रेमळ शब्द: "बसा." पाळी गेली, सून आली, की बाईला मानानं बसवायचं. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात. त्यांना टिकायला अंगाचा भार लागतो, आणि नेमका त्याच वयात आपण तो काढून घेतो. वर याला सेवा म्हणतो.

आमच्या गावी, वडीगोद्रीला, माझी आई ओल्या फरशीवर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी भावानं तिला पलंगावरून उतरू दिलं नाही. पुढे पुढे तिला कोणी धरल्याशिवाय शौचालयातूनही उठता येईना. मी याच विषयात शिकलेली, पण घरच्या लेकीचं कोण ऐकतं? शेवटी ताई स्वतः एसटीनं आल्या.

आई त्यांना हळूच म्हणाली, "बसू बसू कटाळा आला, बाई. पण सून असून सासू काम करून राह्यली म्हणून गाव नावं ठेवतंय. मला दुसरं काई न्हाई, माझं मला उठता आलं म्हंजे झालं."

भाऊ म्हणाला, "जन्मभर शेतात कष्ट केले तिनं. मंग आता व्यायाम कशाला?"

ताई भडकल्या. "वाकून पाठ मोडणं निराळं आणि ताठ उभं राहून भार पेलणं निराळं. आज मनगटावर भागलं. उद्या खुबा मोडला तर गाव येणार आहे का तिला उठवायला?"

ताईंनी आधी हाडांच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि औषध करवून घेतलं. मग खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, हळूहळू हातात वजन. निघताना वहिनीला जवळ घेऊन म्हणाल्या, "कुणी नावं ठेवली तर माझं नाव सांग." त्या बिचारीची बाजू घेणारं आमच्या घरात तोवर कोणी नव्हतं.

आता ऐकते, की समितीनं ताईंसाठी मंचावर मखमली, नक्षीदार हातांची खुर्ची ठरवली आहे. निमंत्रणपत्रिकेत "ताईंनी आता विश्रांती घ्यावी" असंही छापलं आहे. ज्यांनी हा मजकूर लिहिला, त्यांनी ताईंचं एक वाक्य तरी ऐकलं होतं का?

ताईंना शंभरी लाभो, आणि ती स्वतःच्या पायांवर लाभो. त्यांना शाल माझी आई घालणार आहे. तिच्यासाठीही मंचावर एक खुर्ची ठेवा, बिनहातांची. आणि ती उठेल तेव्हा कृपा करून कोणी तिला हात देऊ नका.