साखळीच्या अलीकडे

"उतरिए, सिस्टरजी. आज से आप भी."

गनमॅन हे माझ्याकडे बघून म्हणाला नाही. माझ्या मोपेडच्या पुढच्या चाकाकडे बघून म्हणाला. कच्च्या वाटेवर लोखंडी साखळी आडवी ताणलेली होती. मागच्या आठवड्यापर्यंत माझी गाडी लांबून दिसली की हीच साखळी धुळीत पडायची. आज ती ताठ होती. व्हरांड्यात साहेब पेपर वाचत बसले होते. पेपर खाली आला नाही.

"क्यों भैया? क्या हुआ?"

"साहब ने बोला है. कानून सबके लिए एक."

मी इंजिन बंद केलं. उतरले. साखळीच्या कडेला, ढकललेली गाडी जाईल एवढी फट होती. तिच्यातून निघाले. मागे कॅरिअरला लसींची पेटी बांधलेली, ती एका हातानं सावरायची, दुसऱ्या हातानं गाडी ढकलायची. साहेबांचं कुंपण संपेपर्यंत असंच चालायचं. कुंपणाला लागून गुलाब होते. गुलाबांना धूळ सोसत नाही, असं साहेबांचं म्हणणं. कागदावर मात्र कारण सुरक्षेचं होतं.

पंजाबातल्या दहशतीचे ते दिवस. मी चंदीगडच्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स होते आणि आठवड्यातून काही दिवस डेराबस्सीच्या अलीकडच्या एका गावात लसी टोचायला जायचे. पक्का रस्ता सोडला की गावापर्यंत ही एकच कच्ची वाट. दोन्हीकडे गव्हाची शेतं, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी माती. वाट गावाची होती. साहेब यायच्या कितीतरी आधीपासून होती. लष्करातून निवृत्त झाल्यावर साहेबांनी वाटेलगत फार्महाउस बांधलं, मग गेटवर पाटी लावली. पाटीवर नाव, नावाआधी हुद्दा, हुद्द्यापुढे कंसात 'निवृत्त'. निवृत्त हा शब्द सगळ्यांत बारीक अक्षरात होता.

मग गनमॅन आला. त्या काळी चंदीगडात गनमॅन ही मोठी गोष्ट होती. ज्याच्या जिवाला धोका नाही तो माणूस कसला? शेजाऱ्याला धमकी आली आणि आपल्याला नाही, म्हणून खट्टू झालेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. लग्नाला जाताना ती गनमॅन घेऊन जायची, आणि जेवणाच्या रांगेत बंदुका उन्हात उभ्या असायच्या. साहेबांना धोका होता की नाही, देव जाणे. गनमॅन होता. आणि गनमॅन आहे म्हटल्यावर त्याला काहीतरी काम हवं. म्हणून साखळी.

नियम असा: दहशतवादी दुचाकीवरून येतात, तेव्हा दुचाकीवाल्यांनी साखळीपाशी उतरायचं आणि इंजिन बंद करून कुंपण संपेपर्यंत चालायचं. गावात इंजिन बसवलेला एक लाकडी गाडा होता, रेहडी, तिलाही तेच. मोटारींना नियम नव्हता. मोटारीतून दहशतवादी येत नाहीत, असं साहेबांनी ठरवलं होतं. दहशतवाद्यांनाही त्यांनी त्यांच्या ऐपतीप्रमाणे वाहन नेमून दिलं होतं.

मला मात्र सुरुवातीला सवलत मिळाली. पहिल्याच दिवशी साखळी पाहून मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "ही आणखी कसली पीडा." साहेब गुलाबांना पाणी घालत होते. त्यांनी ऐकलं.

"अगं, मराठी की काय तू?"

"हो. परभणीकडची."

"वा! अरे, छोड दो इसको. अपनी लड़की है."

साखळी पडली. मी बसल्या बसल्या पुढे गेले. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस वेडा होतो. मलाही वाटलं, आपलं कोणीतरी आहे इथं.

गावाच्या टोकाला वेहडा होता. वेहडा म्हणजे तिकडचा आमचाच मोहल्ला. जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतात राबायचं, घरं गावाच्या उतारावर, जिथं सगळ्यांचं सांडपाणी येऊन थांबतं. तिथं बचनी माझ्या मदतीला असायची. पोरं गोळा करायची, रडणाऱ्यांना धरायची. तिच्या नवऱ्याची, मेलूची, ती इंजिनवाली रेहडी. बोअरवरचं डिझेल इंजिन काढून लाकडी गाड्याला बसवलेलं. आवाज असा की मेलेला माणूस उठून बसेल. पण वेहड्यातली म्हातारी माणसं, पोटुशी बायका, भाजीची पोती, सगळं तिच्यावरून पक्क्या रस्त्याला जायचं. साखळीपाशी मेलू इंजिन बंद करायचा, गनमॅन साखळी सैल करेपर्यंत थांबायचा आणि गाडा माणसांसकट ढकलत न्यायचा.

बचनी मला एकदा म्हणाली, "तेरे वास्ते संगली डिग जांदी है, भैणजी. तू वड्डी अफसर लगी हैं?"

साखळी तुझ्यासाठी पडते, तू मोठी अफसर लागून गेलीस का? हसत म्हणाली. पण म्हणाली.

जानेवारीत साहेबांच्या बाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. शहरातल्या मराठी बायका आल्या होत्या. कोणाचा नवरा हवाई दलात, कोणाचा विद्यापीठात. तिळगूळ, अत्तर, वाण म्हणून स्टीलची वाटी. बाईंनी करंड्यात बोट बुडवलं आणि सहज विचारलं, "अगं, तुझं आडनाव विचारायचं राहूनच गेलं बघ."

मी सांगितलं.

"म्हणजे... तुम्ही नेमके?"

"आम्ही बौद्ध."

कुंकवाचं बोट हवेत राहिलं. मग त्यांनी ते पदराला पुसलं. "हो का? छान. तुमच्यात हे चालत नसेल ना," असं माझी फार काळजी असल्यासारखं म्हणाल्या. वाटी दिली. हात लागू नये इतक्या वरून दिली. मी ती झेलली.

नंतरच्या सोमवारी कायदा सगळ्यांसाठी एक झाला. समतेचा इतका झटपट विजय मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

त्या दिवशी मी का उतरले, ते सांगते. माझ्या अंगातच ते होतं. आमच्या गावात बा सायकलवरून यायचा. जिनिंगमध्ये हमाल होता. वेस आली की उतरायचा. पाटलाच्या ओट्यासमोरून सायकल हातात धरून, मान खाली घालून चालत जायचा. महारवाड्याचं वळण आलं की परत सायकलवर. पाटील मेला. ओटा पडला, त्यावर बाभळ उगवली. बा उतरतच राहिला. मी विचारलं की म्हणायचा, "उतरलं की भांडण मिटतं, माय."

बा एकदा चंदीगडला आला होता. सरळ रुंद रस्ते, घरांना नंबर. मी राहायचे त्या सेक्टरला वेस नाही, याचं त्याला फार अप्रूप. मी त्याला मोपेडवर मागे बसवून फिरवलं. तेव्हा जागोजाग पोलिसांचे नाके. प्रत्येक नाक्यावर स्कूटरवाले उतरत, गाडी ढकलत पुढे जात. सरदारजी, लालाजी, सूटबूटवाले, सगळे. बा ते बघत राहिला. मग खुशीत म्हणाला, "हितं समदेच उतरतात की. बरं गाव हाय."

मी त्याला मोटारी दाखवल्या नाहीत.

तर मी उतरत होते. फेब्रुवारी, मार्च. गनमॅनला माझी लाज वाटायची. "मैं की करां, सिस्टरजी. नौकरी है," म्हणायचा. संगरूरकडचा होता. लसींची पेटी धरायला हात पुढे करायचा आणि व्हरांड्याकडे बघून मागे घ्यायचा.

गहू पिवळा पडायला आला तेव्हा साहेबांनी बागेत कार्यक्रम ठेवला. विषय: शांतता. मोठमोठे अधिकारी येणार होते. मांडव, खुर्च्यांना पांढरे कपडे, लाउडस्पीकर. नेमका तो लसींचा दिवस. मी वाटेला लागले तेव्हा मोटारी येत होत्या. बचनी मला न्यायला साखळीपर्यंत आली होती. तिकडून मेलूची रेहडीही आली होती, वर एक म्हातारी बाई, दोन्ही डोळ्यांवर फडकं बांधलेली, शहरात दाखवायला न्यायची. गनमॅननं आम्हाला सगळ्यांना कडेला घेतलं.

मोटार आली की साखळी पडायची. सॅल्यूट. धूळ. पुन्हा साखळी. पुन्हा मोटार. धूळ आमच्या तोंडात, म्हातारीच्या फडक्यावर, माझ्या पेटीवर. गुलाबांवरही. त्या दिवशी गुलाबांना चालत होती. लाउडस्पीकरवर कोणीतरी म्हणत होतं, या पवित्र भूमीवर आपण सगळे भाऊ भाऊ आहोत.

मध्येच मोटारींची रांग तुटली. मी गाडी सुरू केली, साखळीपाशी आणली. मागून आणखी एक पांढरी मोटार वळताना दिसत होती.

"उतरिए, सिस्टरजी. जल्दी."

मी उतरले नाही.

आधी ठरवलं नव्हतं. लोक म्हणतात, क्रांतीची ठिणगी वगैरे. तसलं काही नव्हतं. तोंडात माती होती आणि पाय खाली येत नव्हते. बस.

"सिस्टरजी, उतरो."

"नाही."

मराठीत म्हणाले. मागे हॉर्न वाजला. वाट एका गाडीची. माझ्या मोपेडमागे पांढरी मोटार, तिच्यामागे दुसरी. शांतता सभेतली शांतता गेली. माना वळल्या. साहेब भरभर चालत आले. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी हसू, आवाज माझ्यासाठी वेगळा.

"तमाशा करू नकोस. उतर."

"साखळी खाली घ्या, साहेब. मी जाते."

"लोक बघताहेत. आपल्या मराठी माणसांचं नाव खराब करतेस."

"आपल्या म्हणजे कोणाच्या?"

 साहेब दात आवळून म्हणाले, "तुम्हा लोकांना जरा जवळ केलं की हे असं." मग हिंदीत, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चेक करो इसको! डिब्बे में क्या है?"

पाहुण्यांबरोबर पोलीस होतेच. त्यांनी पेटी सोडली, उन्हात उघडली. बर्फ मातीत ओतला. एकेक कुपी सूर्यासमोर धरून बघितली. वेहड्यातल्या पोरांची त्या दिवसाची लस तिथं संपली. मी सांगत होते, हे खराब होईल. एक जण म्हणाला, "पहले उतर, फिर बोल."

मी उतरले नाही.

त्यांच्यात बाईपोलीस नव्हती. परक्या बाईला हात लावायचा कसा, आणि तोही इतक्या साहेबांदेखत? थोडी कुजबूज झाली. मग त्यांनी तोड काढली. मला हात लावला नाही. मोपेड उचलली. दोघांनी पुढून, दोघांनी मागून, मी वर बसलेली. हँडल घट्ट धरून. वाटेवरून उचलून त्यांनी मला गव्हात नेऊन ठेवलं. चार जण खांदा देतात आणि वर आपण बसलेलो. आमच्या अख्ख्या घराण्यात पालखीत बसलेली मी पहिलीच. मांडवात कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

मोटारी गेल्या. सॅल्यूट झाले. मी गव्हात, गाडीवर. सभा संपेपर्यंत तिथंच बसून होते.

पुढचं लवकर घडलं. वरून फोन आला. फोन नेहमी वरूनच येतो. मला गावाच्या कामावरून काढलं आणि रुग्णालयाच्या कपड्यांच्या कोठारात टाकलं. चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे. अजून तिथंच आहे. मराठी मंडळातल्या बायका भेटल्यावर म्हणाल्या, "जरा समजुतीनं घ्यायचं होतंस." लसीबद्दल कोणी विचारलं नाही.

साखळी गेली. तिच्या जागी लोखंडी गेट आलं, कारण आता साहेबांना खरोखरच धोका होता. धोका मी होते. गेटला वाकून जाण्याएवढी दिंडी, पायी जाणाऱ्यांसाठी. मेलूची रेहडी त्यातून जात नव्हती. दुसरी वाट ओढ्यातून, तिथं चाक रुतायचं. त्यानं गाडा मोडला. इंजिन परत एका जमीनदाराच्या बोअरवर गेलं. मेलूही त्याच्याच शेतावर गेला.

हे मला बचनीनं सांगितलं. रुग्णालयात आली होती, त्याच म्हातारीला घेऊन. म्हातारीचा एक डोळा तोवर गेला होता. मला वाटलं, बचनी गळ्यात पडेल. ती लांब उभी राहिली.

"तू ना उतरी, चंगा कीता," ती म्हणाली. "पर तेरे कोल सेक्टर है, भैणजी. साडे कोल ओही रस्ता सी."

उतरली नाहीस, चांगलं केलंस. पण तुझ्याकडे सेक्टर आहे. आमच्याकडे तेवढीच वाट होती.   ती खरं बोलत होती.

दहशतीचे दिवस सरले. नाके उठले. गनमॅन गेला, बहुतेक संगरूरला. गुलाब वाळले. साहेबांच्या पाटीवरचा 'निवृत्त' शब्द पावसानं पुसला गेला, हुद्दा तेवढा शाबूत आहे. गेट आहे. गावात कोणी त्याबद्दल बोलत नाही. लहान पोरांना वाटतं, ते पहिल्यापासूनच तिथं आहे. दिंडी आली की ती आपोआप वाकतात.

रविवारी मला सुट्टी असते. मी मोपेड काढते आणि त्या वाटेनं जाते. गेटपाशी थांबते. इंजिन चालू ठेवते. हॉर्न वाजवते. कोणी येत नाही. आतला कुत्रा भुंकतो, तोही आता सवयीनं. कोणी गेट उघडेल असं मला वाटत नाही. उघडलं तरी वेहड्यात माझी वाट बघणारं कोणी नाही.

वाट अरुंद आहे. तिथं गाडी वळवायची तर उतरावं लागतं. मी उतरत नाही. सीटवरून बूड न उचलता पायांनी माती मागे ढकलत उलटी येते, पक्क्या रस्त्यापर्यंत. लोक हसतात. हसू देत.

या रविवारी पुन्हा जाणार आहे.